ग्लेंडा जॅक्सन – ऐंशीव्या वर्षी लिअर उभा करणारी बाई

सावनी_ठाणे

ब्रिटिश अभिनेत्री ग्लेंडा जॅक्सन १५ जून २०२३ ला गेली, ८७व्या वर्षी. त्याच आठवड्यात मी तिची 'एलिझाबेथ आर' ही राणी पहिल्या एलिझाबेथवरची मालिका पाहायला घेतली आणि मग थांबताच आलं नाही. मिळतील ते चित्रपट पाहिले, मुलाखती ऐकल्या, तिची संसदेतली भाषणंसुद्धा ऐकली. घरात कुणाशी बोलावं तर नाव कुणाला माहीत नाही, म्हणून हा धागा. ज्यांनी तिला प्रत्यक्ष रंगमंचावर पाहिलंय त्यांनी कृपया भर घाला, मी फक्त पडद्यावर पाहिलेली आहे.

जन्म ९ मे १९३६, बर्कनहेड. लिव्हरपूलच्या समोर, मर्सी नदीच्या पलीकडच्या काठावरचं जहाजं बांधणारं गाव. वडील गवंडी. आई मिळेल ते काम करायची, लोकांच्या घरची साफसफाईसुद्धा. चार बहिणींत ही थोरली. सोळाव्या वर्षी शाळा सुटली आणि बूट्स या औषधांच्या दुकानात कामाला लागली. दोन वर्षं तिथे काढली. मध्येच कुणीतरी हौशी नाटकमंडळींत नेलं, तिथे लोक चांगलं म्हणाले, आणि शिष्यवृत्ती मिळवून १९५४ मध्ये ती लंडनला राडा या नाट्यशाळेत दाखल झाली. तिथून निघताना तिला सांगण्यात आलं, तुझा चेहरा नायिकेचा नाही, चाळिशीच्या आत फारसं काम मिळेल अशी आशा ठेवू नकोस. पुढची काही वर्षं तसंच झालं. गावोगावच्या रेपर्टरी कंपन्या, भराभर बदलणारी नाटकं, आणि मधल्या रिकाम्या काळात पोटासाठी पडेल ते काम.

१९६४ मध्ये पीटर ब्रुकनं तिला उचललं. 'महाभारत' करणारा म्हणून आपण त्याला ओळखतो, पण ते वीस वर्षं पुढचं. तेव्हा तो रॉयल शेक्सपिअर कंपनीत नवे प्रयोग करत होता. पीटर वाइसच्या 'मारा/साद' या नाटकात वेड्यांच्या इस्पितळातले रुग्णच फ्रेंच राज्यक्रांतीचं नाटक करतात. ग्लेंडा त्यात क्रांतिनेता माराचा खून करणारी शार्लोत कोर्दे झाली. म्हणजे खरं तर सारखी झोपेत जाणारी एक रुग्ण, जिला कोर्देचं काम दिलंय. एका प्रसंगात साद, म्हणजे तिथेच कोंडलेला लेखक मार्की द साद, तिच्या हातून फटके खातो. तिथे चाबूक नाही. ती आपले लांब केस पुढे टाकते आणि मान फिरवून केसांनीच त्याच्या उघड्या पाठीवर मारते. आवाज होतो तो फक्त केसांचा. १९६७ च्या चित्रपटात हा प्रसंग आहे, जमलं तर एवढा तरी पाहा. दुसऱ्या कुणाच्या हाती तो दृश्याचा चमत्कार होऊन बसला असता. ही ते कपडे घडी करावेत इतक्या शांतपणे करते आणि म्हणूनच पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येतो.

मग केन रसेलचा 'विमेन इन लव्ह'. त्यातली गुडरून. लांब शिंगांच्या केसाळ जनावरांच्या कळपासमोर ती हात पसरून नाचते, जनावरं बुजतात, आणि हिच्या डोळ्यांत भीतीचा मागमूस नाही. हे चित्रीकरण चालू असताना ती गरोदर होती. पहिलं ऑस्कर या भूमिकेचं. दुसरं १९७३ च्या 'अ टच ऑफ क्लास'चं, आणि तो चक्क विनोदी चित्रपट. दोन्ही वेळा ती सोहळ्याला गेली नाही. बाहुल्या आईकडे ठेवायला दिल्या, आणि आईनं त्या घासून घासून असा चकचकाट केला की वरचा मुलामा जाऊन आतला धातू दिसायला लागला, असं ती सांगायची.

आणि 'एलिझाबेथ आर'. बीबीसी, १९७१. सहा भाग, प्रत्येक जवळजवळ दीड तासाचं स्वतंत्र नाटक, प्रत्येकाचा लेखक वेगळा. त्या काळच्या राण्यांसारखं कपाळ मोठं दिसावं म्हणून तिनं टोप चढवून भागवलं नाही, पुढचे केस खरोखर भादरून घेतले. पहिल्या भागात जिवाच्या भीतीनं प्रत्येक शब्द तोलून बोलणारी पोरगी आहे, शेवटच्या भागात पांढऱ्या लेपाखाली चेहरा जवळजवळ हलतच नाही. मी चौथ्या भागानंतर पुन्हा मागे जाऊन पहिला लावला, आवाज कुठे बदलला ते पकडायला. सापडलं नाही. तो एका ठिकाणी बदलतच नाही, थोडाथोडा जाड होत जातो. या कामासाठी तिला टीव्हीसाठीच्या दोन एमी मिळाल्या.

त्याच वर्षी तिचं 'संडे ब्लडी संडे' आलं, आणि 'मेरी, क्वीन ऑफ स्कॉट्स'मध्ये तिनं पुन्हा एलिझाबेथच केली, समोर व्हेनेसा रेडग्रेव्ह. पुढच्या भूमिका म्हणजे इब्सेनची हेडा गाब्लर, कवयित्री स्टीव्ही स्मिथ, ब्रुकबरोबर क्लिओपात्रा, लोर्काची बर्नार्दा आल्बा.

मग १९९२ मध्ये ती हे सगळं सोडून मजूर पक्षाची खासदार झाली. २०१५ पर्यंत संसदेत होती. आणि २०१६ मध्ये, ऐंशी वर्षांची असताना, लंडनच्या ओल्ड विक या नाट्यगृहात शेक्सपिअरचा किंग लिअर, मुलींना राज्य वाटून देऊन पस्तावणारा म्हातारा राजा. राणी नव्हे, राजाच.

मला वाटतं या बाईनं अभिनयाकडे काम म्हणून पाहिलं, बापाच्या गवंडीकामासारखं. म्हणून तिला ते खाली ठेवता आलं आणि म्हणूनच परत उचलताही आलं. तुम्हाला काय वाटतं?

---

थेम्सकाठी

सावनी, मनापासून आभार. मी पाहिलाय तो लिअर. नोव्हेंबर २०१६, वरच्या गॅलरीतलं स्वस्तातलं तिकीट, रेलिंगवर हनुवटी टेकवून.

दिग्दर्शक डेबोरा वॉर्नर. रंगमंच बहुतेक पांढरा, कपडे आजचे, राजवाडा वगैरे काही नाही. ती आत आली तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते जसंच्या तसं सांगतो: ही किती बारीक आहे. मनगटं काडीसारखी. तीन तासांहून मोठा प्रयोग हिला झेपणार कसा? आणि मग ती बोलली. सावनी, तू पडद्यावर ऐकलेला आवाज विसर. त्या आवाजाला खालून धार आहे. वरच्या गॅलरीत प्रत्येक व्यंजन वेगळं ऐकू येत होतं, आणि ती ओरडत नव्हती. पंचवीस वर्षं रंगमंचावर पाऊल न ठेवलेल्या माणसाचा हा आवाज.

थोरल्या मुलीला, गॉनरिलला दिलेला शाप मला आजही झोपेत ऐकू येतो. "तुझी कूस वाळून जावो" हे बाप मुलीला म्हणतो तेव्हा ते भयानक असतंच. पण तेच एका बाईच्या तोंडून, एका आईच्या तोंडून येतं तेव्हा तिला नेमकं ठाऊक असतं ती काय हिरावून घेतेय. शेजारची बाई हात तोंडावर धरून बसली होती.

सेलिया इम्री गॉनरिल, जेन हॉरक्स रीगन, रीस इव्हान्स विदूषक. विदूषक आणि लिअर एकत्र असले की दोन थकलेले मित्र बाकावर बसलेत असं वाटायचं. प्रयोग सगळाच जमला होता असं मी म्हणणार नाही, मध्यंतरानंतर काही जागा विस्कळीत होत्या. पण ती असताना नजर दुसरीकडे वळली नाही.

---

स्वप्नील_नाशिक

धागा उत्तम. पण मला एक गोष्ट पटत नाही आणि ती मांडतोच.

५५ ते ७८ ही वर्षं तिनं संसदेत घालवली. अभिनेत्री म्हणून तिचा आवाज, अनुभव सगळं पिकलेलं असताना. तिच्याहून दोनच वर्षांनी मोठी जुडी डेंच पाहा. 'मिसेस ब्राउन' १९९७, 'शेक्सपिअर इन लव्ह'मधल्या जेमतेम आठ मिनिटांच्या कामाला ऑस्कर, बाँडपटांतली एम, आणि जोडीला नाटकं चालूच. मॅगी स्मिथचंही तेच. म्हातारपणी जग त्यांना घरोघरी ओळखू लागलं. ग्लेंडा या दोघींच्या तोडीची, माझ्या मते एखाद पाऊल पुढेच, आणि आज सावनीच्या घरात तिचं नाव कुणाला माहीत नाही! आणि त्या बदल्यात मिळालं काय? दोन वर्षं वाहतूक खात्याचं कनिष्ठ मंत्रिपद. मला हे नुकसान वाटतं. तिचं नाही, आपलं.

---

मंदार_लंडन

स्वप्नील, मी तेव्हा तिच्या मतदारसंघात राहायचो, हॅम्पस्टेड आणि किलबर्न. २०१० ची निवडणूक ती ४२ मतांनी जिंकली. चुकून दोन अंक गाळलेले नाहीत, बेचाळीसच. आमच्या एका गल्लीतली मतं इकडची तिकडे झाली असती तरी ती पडली असती. मी त्यातलं एक मत दिलं होतं आणि अजून मला त्याचं बरं वाटतं.

लोक तिला सिनेमातली बाई म्हणून बोलवत नव्हते. पंतप्रधान ब्लेअर तिच्याच पक्षाचा, पण इराक युद्धाला ती उघड विरोध करत राहिली आणि पक्षात त्याची किंमत मोजली. एप्रिल २०१३ मध्ये माजी पंतप्रधान थॅचरबाई वारल्यावर संसदेत श्रद्धांजलीची भाषणं चालली होती. त्यात ही उठली आणि थॅचरबाईंच्या राजवटीत गरिबांचं काय झालं, इस्पितळांच्या आणि शाळांच्या इमारतींची काय दशा झाली होती, लोक रस्त्यावर दारांच्या आडोशाला कसे झोपत होते, ते सांगितलं. समोरच्या बाकांवरून आरडाओरडा. ती थांबली नाही. मेलेल्या माणसाबद्दल त्या दिवशी तसं बोलावं का, यावर माझं आणि माझ्या बायकोचं अजूनही एकमत नाही. पण ते भाषण तिला कुणी लिहून दिलेलं नव्हतं, हे ऐकणाऱ्याला कळतं. गवंड्याची मुलगी बोलत होती.

---

सावनी_ठाणे

स्वप्नील, तुमचा मुद्दा मलाही बरेच दिवस बोचत होता. मग तिची लिअरच्या वेळची एक गोष्ट कळली आणि माझं मत बदललं.

बाईनं पुरुषाचं काम कसं केलं, असं सगळेच विचारत होते. तिचं उत्तर असं होतं की खासदार म्हणून ती वृद्धाश्रमांत जायची, तिथे म्हातारी माणसं बघायची. आणि तिच्या लक्षात आलं की माणूस फार म्हातारा झाला की बाई आणि पुरुष यांच्यातली भिंत ढासळायला लागते. आवाज, चालणं, चिडणं, रडणं सारखं होत जातं. लिअर तिनं तिथून घेतला. ती वर्षं नसती तर कदाचित हा लिअरही नसता. नाटकाच्या जगातच राहिलेल्या नटीला हे दिसलं असतं का, मला शंका आहे.

शिवाय तिचीच जुनी तक्रार होती की नवे नाटककार बाईला नाटकाच्या मध्यभागी ठेवतच नाहीत. साठीच्या बाईला कुणाची तरी आई किंवा आजी व्हायचं, एवढंच. त्यापेक्षा मतदारांची गाऱ्हाणी ऐकणं तिला जास्त अर्थाचं वाटलं असेल तर मी तिला दोष देणार नाही.

---

आबा_कोल्हापूर

मी इथे वाचतोच जास्त, लिहीत नाही. पण लिअरचं नाव निघालं म्हणून लिहितो.

शिरवाडकरांचं 'नटसम्राट' २३ डिसेंबर १९७० ला रंगभूमीवर आलं, गोवा हिंदू असोसिएशनचं. त्यानंतर वर्षभरातच मी डॉ. लागूंना गणपतराव बेलवलकर करताना पाहिलं. तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. नाटक संपल्यावर आम्ही चौघे मित्र थिएटरपासून स्टँडपर्यंत एक अक्षर न बोलता चालत गेलो. बेलवलकरांच्या मागे लिअर उभा आहे हे तेव्हा नुसतं ऐकून माहीत होतं. विंदांनी केलेला 'राजा लिअर'चा अनुवाद पुढे वाचला तेव्हा नातं कळलं आणि फरकही कळला. बेलवलकर प्रेमळ आहे. सगळं दिल्यावर त्याला मिळतो तो अपमान. लिअर मुळात प्रेमळ नाही, तो हट्टी आहे, मुलींकडून प्रेमाचा लिलाव मागणारा. त्याचं माणूस होणं वादळात सुरू होतं. त्यामुळे लिअरसाठी डोळ्यांत पाणी आणणं जास्त अवघड.

आमच्या आजोबांनी बालगंधर्व पाहिले होते. पुरुषानं बाई व्हावं आणि घरोघरच्या बायकांनी त्याच्यासारखं नेसायला शिकावं, हे आपल्याला नवं नाही. मग बाईनं लिअर केला तर नवल कसलं? थेम्सकाठी, एक विचारतो. शेवटी लिअर धाकट्या मुलीचं, कॉर्डेलियाचं प्रेत घेऊन येतो तेव्हा या बाईंनी तो आक्रोश कसा केला? मला हे फार दिवस विचारायचं होतं आणि पाहिलेला माणूस कुणी भेटत नव्हता.

---

थेम्सकाठी

आबा, नमस्कार. आठवतंय तेवढं सांगतो.

"हाउल" (आक्रोश करा) हा शब्द तिथे लागोपाठ येतो. बहुतेक नट त्याचा लांडग्यासारखा हंबरडा करतात. माझ्या आठवणीत तिनं तो शब्द म्हणूनच उच्चारला, समोर उभ्या राहिलेल्या माणसांना उद्देशून. म्हणजे 'रडा की, उभे काय राहिलात, रडा' असा हुकूम. राजाचा शेवटचा हुकूम, आणि कुणी तो पाळत नाही. नंतर ओठांशी कान नेऊन श्वास ऐकण्याचा प्रयत्न करते तिथे मात्र ती अगदी बारीक आवाजात बोलली. हजार माणसांचं थिएटर आणि कुणी खोकलंही नाही.

---

आबा_कोल्हापूर

समजलं. डोळ्यांसमोर आलं. आभारी आहे.

---

रेवती_डोंबिवली

सावनी, तू 'एलिझाबेथ इज मिसिंग' या चित्रपटाबद्दल लिहिलं नाहीस. बीबीसीवर २०१९ च्या डिसेंबरमध्ये आला होता. छोट्या पडद्यावर ती किती वर्षांनी परतली होती! बाफ्टा मिळालं त्यासाठी.

त्यात ती मॉड नावाची विसरभोळी होत चाललेली आजी आहे. तिची मैत्रीण एलिझाबेथ दिसेनाशी झालीय आणि कुणी ऐकून घेत नाही. मॉड सगळं चिठ्ठ्यांवर लिहून ठेवते आणि त्या चिठ्ठ्या खिशात कोंबते.

माझ्या सासूबाईंना शेवटची पाच वर्षं विस्मरणाचा आजार होता. त्यांच्या ब्लाउजच्या आत, उशीच्या अभ्र्यात, साखरेच्या डब्याखाली चिठ्ठ्या सापडायच्या. "गॅस बंद केला." "दूधवाल्याला पैसे दिले." "रेवती = सून." ही तिसरी मी आजही जपून ठेवलीय.

मॉड चिठ्ठी काढते, वाचते आणि त्या अर्ध्या सेकंदात तिला कळतं की हे अक्षर आपलं आहे पण आपल्याला काही आठवत नाही. ते कळणं ती लपवते, लगेच चिडते. ग्लेंडानं हे लपवणं दाखवलंय. आजार दाखवणारे खूप नट असतात. आजारी माणूस आपली लाज कशी झाकतो हे फार थोड्यांना दिसतं. सासूबाई अगदी अश्शाच चिडायच्या, आणि मला तेव्हा वाटायचं त्यांचा माझ्यावर राग आहे. मी चित्रपट मध्येच बंद केला आणि दुसऱ्या दिवशी पुरा केला.

वृद्धाश्रमांबद्दल जे लिहिलंस ते वाचून आता उलगडा झाला, हे तिला कुठून आलं.

---

स्वप्नील_नाशिक

रेवतीताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. नुकसान हा शब्द मी मागे घेतो. हुरहूर मात्र राहील.

---

मंदार_लंडन

थोडी भर. सावनीनं 'अ टच ऑफ क्लास'चा उल्लेख केलाय. तो चित्रपट तिला मिळाला कसा? १९७१ मध्ये मोरकम आणि वाइज या विनोदी जोडीच्या टीव्ही कार्यक्रमात तिनं क्लिओपात्राचं प्रहसन केलं होतं. तोवर सगळे तिला गंभीर, धारदार बाई समजायचे. दिग्दर्शक मेल्विन फ्रँकनं ते पाहिलं आणि ठरवलं की हिला विनोद जमतो. ऑस्कर मिळाल्यावर मोरकमनं तिला तार केली होती: आमच्याबरोबर राहा, अजून एक मिळवून देऊ. इथल्या साठीपुढच्या लोकांना तिचं ते प्रहसन आजही तोंडपाठ आहे, ऑस्कर कुठल्या चित्रपटाचं ते आठवत नाही.

आणि ब्रॉडवे, म्हणजे न्यूयॉर्कची रंगभूमी, राहिलं. २०१८ मध्ये एडवर्ड आल्बीच्या 'थ्री टॉल विमेन' या नाटकासाठी टोनी हा नाट्यपुरस्कार, ८२व्या वर्षी. ऑस्कर, एमी, टोनी तिन्ही झाली. पुढच्याच वर्षी तिथे पुन्हा लिअर, वेगळा दिग्दर्शक, वेगळी मांडणी. आठवड्याला आठ प्रयोग असतात तिकडे.

---

सावनी_ठाणे

मंदार, ती तार माहीत नव्हती, मस्तच!

रेवती, मी तो मुद्दाम ठेवून दिला होता, धीर होत नव्हता. आता बघेन. त्यानंतर 'द ग्रेट एस्केपर', मायकेल केनबरोबरचा, ती गेल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आलेला. त्या दोघांनी आधी १९७५ मध्ये एकत्र काम केलं होतं, 'द रोमँटिक इंग्लिशवुमन'मध्ये. आधी तो बघणार आणि मग लगेच हा, एकाच दिवशी. मधली ४८ वर्षं चेहऱ्यांवर कुठे बसलीत ते बघायचंय.

आबा, तुम्हाला 'एलिझाबेथ आर' कसं पाहता येईल ते शोधून व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

---

आबा_कोल्हापूर

जरूर करा. इंग्रजी भराभर बोललेलं मला कळत नाही, खाली अक्षरं येत असतील असं बघा. विंदांचं पुस्तक माळ्यावरच्या ट्रंकेत आहे, नातवाला रविवारी चढवतो.